बॅटरीला पाणी

माझे सासरे आल्यागेल्याला पाणी विचारायला विसरतील, पण बॅटरीला पाजायला विसरणार नाहीत, असं मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी बोलून गेले आणि ते नेमकं त्यांच्या कानावर गेलं. रागावले नाहीत. "जनावर आन् बॅटरी, दोघांना तहान लागली तरी सांगता येत नाय, पोरी," एवढंच म्हणाले. मी त्यांना मामा म्हणायची. ते मूळचे कन्नड तालुक्यातले. लहानपणी मेंढरं राखली, मग औरंगपुऱ्यात बॅटऱ्या चार्ज करायचं, दुरुस्त करायचं दुकान टाकलं. अ‍ॅसिडनं भोकं न पडलेला त्यांचा एक शर्ट मी पाहिला नाही.

दुकान बंद झालं आणि पुंडलिकनगरच्या आमच्या घरात इन्व्हर्टरची बॅटरी तेवढी त्यांच्या वाट्याला उरली. रविवारी ते तिची बुचं उघडत, मी टॉर्च धरी, ते नरसाळ्यानं पाणी घालत. "उजेड बॅटरीवर पाड, माझ्या टकलावर नको." सासऱ्याचं आणि सुनेचं जे काही बोलणं व्हायचं, ते तिथंच. माझे वडील लवकर गेले होते. ती जागा मामांनी कधी घेतली ते मला कळलंही नाही.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग घरची वाट, मग पोटचा मुलगा. पण बॅटरीपाशी बसले की ते शुद्धीवर येत. तेवढा वेळ मी पोरी असायची. बाकी दिवस मी कोण, हे त्यांच्या नजरेत शोधत फिरायची.

त्यात ती बॅटरी बसली. नवरा केव्हापासून मोबाइलवर लिथियमच्या बॅटऱ्यांचे भाव बघत होता. "पडलाय भाव, आता आपल्यालाही परवडतं," तो म्हणाला. नवी बॅटरी लिथियममधलीच, लोह-फॉस्फेटची, सहसा पेट घेत नाही, पाणी नको, अ‍ॅसिड नको. पुढं सोडियमचीही येतेय, मिठात असतं त्या सोडियमची, ती म्हणे आणखी स्वस्त. मामा बरे असताना हे ऐकून म्हणाले होते, "मिठावर? मंग हळदीवरचीबी काढा एखादी!" आता त्यांच्याशी असली थट्टा करायची सोय नव्हती. शिवाय त्यांनी एकदा जुन्या बॅटरीतलं अ‍ॅसिड बोटानं चाखलं होतं, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर होता. मी हो म्हणाले. शहाणपणाचंच होतं ते, आणि त्या शहाणपणाचा मला अजून संताप येतो.

भिंतीवर पांढरी पेटी लागली. रविवारी मामांनी ती सगळीकडून चाचपली.

"बुचं कुठंयत हिची?"

"मामा, हिला पाणी लागत नाही."

"पाणी लागत नाय अशी कुठं बॅटरी असती व्हय?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी बाटलीभर पाणी पेटीवर ओतलं. मोठा आवाज झाला, घरातली वीज गेली. मामांना काही झालं नाही, पण नवरा त्यांच्यावर ओरडला. नंतर मोरीचं दार लावून तो रडला, ते मला ऐकू आलं. मामा त्या दिवसापासून खुर्चीत बसून राहिले. जेवणाचा घास तोंडात तसाच धरून बसायचे.

मग मी औरंगपुऱ्यात भंगारवाल्याकडं गेले. म्हटलं, एखादी जुनी बॅटरी द्या, अ‍ॅसिड काढून, आतून धुऊन. "खाली डब्बे का क्या करते, बाजी?" त्यानं विचारलं. मी पैसे त्याच्या हातावर ठेवले.

ती घरी आणून साध्या पाण्यानं अर्धी भरली आणि रविवारी मामांचा हात धरून तिच्यापाशी नेलं. त्यांनी बुचं उघडली. बोटं कशी सरसर चालली! "पोरी, उजेड," ते म्हणाले आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. त्यांनी नरसाळ्यानं पाणी घातलं, मग काचेची पिचकारी मागितली. तिच्यात बॅटरीतलं पाणी ओढलं की आतली कांडी तरंगते. ती जितकी वर, तितकी बॅटरीत ताकद. कांडी तळाशीच राहिली. त्यांनी प्रत्येक खान्यात पिचकारी घालून पाहिली, मग बुचं एकेक करून लावली आणि हात पुसले.

"ही मेलीय, पोरी. आत निस्तं पाणी हाय. मला येवढंबी कळत नाय व्हय?"

मी खाली बघितलं.

"मीबी असाच झालोय का गं?"

नाही, मामा, एवढंच म्हणायचं होतं. हुंदका आवरून ते म्हणेपर्यंत मला किती वेळ लागला कोण जाणे. मी वर पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा अगदी शांत होता. परक्या बाईसमोर बसावं तसे ते जरा सावरून बसले आणि अदबीनं म्हणाले, "तुम्ही रडू नका, ताई. कुणाकडं आलाय तुम्ही?"