मस्कतहून आणलेली नातीची नाळ

मागच्या मंगळवारी मी मस्कतहून एकटी आमच्या गावी, गोंदियाजवळच्या कामठ्याला आले. आल्यावर जे झालं त्याचा धक्का अजून उतरलेला नाही, म्हणून लिहिते. चौथी शिकलेली बाई आहे, फोनवर टाइप करायला नातवानं शिकवलं... चुका पोटात घाला.

माझी लेक प्रणाली तिकडं असते. तिला मुलगी झाली. बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरनं विमानाला नाही म्हटलं, तर माहेरच उठून तिकडं गेलं. म्हणजे मी. तीन महिने राहिले. बाळीचं नाक माझ्यावर गेलंय, जावई नाही म्हणतात, पण गेलंय.

आठव्या दिवशी बाळीची नाळ गळून पडली. दवाखान्याचा प्लास्टिकचा चिमटा तिला तसाच लागलेला. प्रणालीनं ती लंगोटासकट कचऱ्यात टाकली, मी काढून घेतली. "माय, काय कचरा जमा करून राहिली," म्हणाली.

कचरा कसा? प्रणालीची नाळ आमच्या शेतात मोहाच्या झाडाखाली पुरलेली आहे, तिच्या भावाचीही तिथंच. बाळी परमुलखात जन्मली, पण नाळ तरी गावच्या मातीत जावी, एवढंच माझ्या मनात होतं. सुपारीच्या पितळी डबीत ठेवली, वरून दोरा गुंडाळला.

निघायच्या दिवशी लेकीनंच माझी बॅग भरून दिली. मी डबी मागून घेतली, हलवून पाहिली. आत खुळखुळ वाजली. ब्लाउजमध्ये ठेवली आणि निघाले.

मुंबईला उतरल्यावर नागपूरचं विमान धरायचं होतं. जावयांनी माझ्यासाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवलेली. उभं आयुष्य चिखलात वाकून धानाचा रोवणा केलेली बाई मी, आणि मला ढकलत नेतात... लाजेनं पदर तोंडावर घेतला. पण खरं सांगते, बसायला बरं वाटलं.

मग तपासणीत ते दार कुईं कुईं वाजलं. पोलीस बाईनं पडद्यामागं नेलं, डबी काढायला लावली. कचऱ्यात टाकली तर इतक्या दूर येऊन सगळं वाया.

"इसमें क्या है अम्मा?"

गोंदियाच्या बाजारानं हिंदी शिकवलेली, ती ऐन वेळी कामाला आली. "सुपारी है बेटी," मी म्हटलं. आयुष्यात पोलिसाशी पहिल्यांदा खोटं बोलले. तिनं डबी हलवली, मशीनमधून काढली. मशीनवाला म्हणाला, "कुछ नहीं है अंदर, जाने दो." मला वाटलं, धोक्याचं काही नाही असं म्हणतोय. मी मनात त्याला आशीर्वाद दिला.

नागपूरहून गोंदियाची गाडी धरली. भंडारा रोड गेलं, तुमसर गेलं... डोळा लागला की दचकून डबी हलवायची. वाजली की जीव भांड्यात. समोरच्या बाईनं विचारलं, "औषध हाय का जी?" मी हो म्हटलं. एकदा खोटं बोललं की मग जमतं.

आमच्या म्हाताऱ्यानं मी यायच्या आधीच सब्बल घेऊन मोहाखाली खड्डा खणून ठेवला होता. शेजारच्या दोघी जावा आल्या, लेकरं आली. मी दोरा सोडला, डबी उघडली.

आत नुसता प्लास्टिकचा चिमटा. नाळ नाही.

डबी उलटी केली, बोटानं चाचपली. सगळे माझ्याकडं बघताहेत. म्हातारा म्हणाला, "काऊन वं, विमानात खाल्ली काय? आता या खड्ड्यात का तुलेच पुरू?"

तिथूनच प्रणालीला फोन लावला.

"माय, रागावू नको. तुझी बॅग भरताना मीच काढली."

"कायले?"

"तू जाऊन राहिली होतीस. आता हेही घेऊन जाते म्हटलं, तर माझ्यानं देववलं नाही. इथं गॅलरीत कुंडीत पुरली."

"मग चिमटा काऊन ठेवला?"

"डबी वाजली नसती तर तू विमानात बसली असतीस काय?"

मी फोन ठेवला. कुंडीत... सातव्या मजल्यावर. आणि त्या कुंडीत माती कुठली, तर दुकानातून पिशवीत विकत आणलेली. तिकडं माती विकत मिळते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दोन दिवस मी लेकीशी बोलले नाही. जेवणही गोड लागलं नाही.

काल तिनं व्हिडिओ कॉल केला. म्हाताऱ्यानं फोन घेतला आणि माझ्याच तोंडासमोर धरला. आधी बाळी दिसली, हसत होती. मग लेकीनं कुंडी दाखवली. लहानशी, पांढरी, आत कढीपत्त्याचं रोप. लेकीचे डोळे भरलेले. म्हणाली, "माय, आम्ही आता इथंच राहणार आहोत. तिचं गाव हेच ना."

म्हातारा मागून म्हणाला, "तिले सांग, कुंडी मोठी घे म्हणा. पोरगी वाढन."

मला हसू आलं, लेकीलाही आलं, मग दोघी रडलो.

तीन महिने तिच्या घरात राहिले, तिच्या हातचं खाल्लं. पण तिचं घर आता तिकडं झालं हे मला तिथं कळलं नाही... रिकामी डबी उघडल्यावर कळलं. धक्का बसला तो बसला. पण जिनं कचरा म्हणून टाकली, तिनंच शेवटी जपून पुरली, याचं मला फार बरं वाटतं.