तुसाच्या पेटीतली लापशी

माझ्या सासऱ्यांच्या पोटात अल्सर निघाला तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. खोपोलीच्या डॉक्टरांनी त्यांना आठ दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं आणि घरी सोडताना मला नि माझ्या नवऱ्याला समोर उभं करून सांगितलं, "सहा महिने तिखट बंद. भाकरी-ठेचा बंद. सकाळी उठल्या उठल्या काहीतरी मऊ, गरम पोटात गेलं पाहिजे. ओटची लापशी द्या."

ओट म्हणजे काय हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्याने बाजारपेठेत दोन-तीन दुकानं पालथी घातली आणि पत्र्याचा एक उंच डबा घेऊन आला. आत करड्या रंगाचे चपटे चपटे दाणे. सासूबाईंनी चिमूटभर तळहातावर घेऊन उजेडात धरले.

"हे तर चेचलेलं हाय," त्या म्हणाल्या. "दुकानदारानं खराब माल गळ्यात मारला तुज्या."

आमचं गाव खालापूर तालुक्यातलं, भातशेतीचं. सासरे पहाटे उठून भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा नि कांदा खाऊन शेतावर जाणारे. नवरा साजगावच्या एका कारखान्यात बॉयलर खात्यात, पहिल्या पाळीला. तो सायकलने सहाला निघायचा, म्हणून सासूबाई चारला उठायच्या. आंघोळीचं पाणी, नवऱ्याच्या डब्याची भाजी, भाकऱ्या, चहा, सगळं एकाच चुलीवर. रॉकेल मिळालं तर स्टोव्ह, आणि रॉकेल बहुतेक वेळा मिळत नसे. मी कर्जतच्या शाळेतल्या कारकुनाची मुलगी. माहेरी साडेसहाला उठणं म्हणजे लवकर उठणं होतं. इथे मी साडेचारला डोळे चोळत चुलीपाशी यायची, तर सासूबाईंच्या दोन भाकऱ्या झालेल्या असायच्या.

या गर्दीत ती लापशी आली. ती आजच्यासारखी दोन मिनिटांत होणारी नव्हती. अर्धा तास मंद आचेवर ढवळत बसायला लागायचं. ढवळणं थांबलं की खाली लागायची, आणि दुसरीकडे बघितलं की उतू जायची. पहिल्या दिवशी ती निखाऱ्यांवर सांडून चूल विझली. दुसऱ्या दिवशी करपली. तिसऱ्या दिवशी मी ती मन लावून केली, वाटीत घालून सासऱ्यांपुढे ठेवली. त्यांनी बोट बुडवून वर उचललं. बोटाबरोबर अर्धी वाटी वर आली.

"सूनबाई," ते अगदी शांतपणे म्हणाले, "ही खायाची हाय का पतंगाला कागद चिकटवायचा हाय?"

त्याच आठवड्यात ग्रामसेविका आली. चाळिशीची, दणदणीत आवाजाची बाई, खांद्याला कायम एक खाकी पिशवी. समाजमंदिरात तिने आम्हा बायकांना बसवून सरपण वाचवायची युक्ती दाखवली. लाकडी खोक्यात भाताचं तूस भरायचं, मधे खळगा करायचा, उकळता टोप झाकणासकट त्यात बसवायचा, वरून तुसाची उशी दाबायची आणि खोकं बंद करायचं. आतली उष्णता बाहेर जात नाही, अन्न आपलं आपण शिजतं. बाकीच्या बायका पदराआड हसत होत्या. मला मात्र एकदम लख्ख दिसलं. रात्री ठेवायचं, सकाळी काढायचं. ढवळणं नाही, करपणं नाही, नि पहाटेची चूल मोकळी.

तूस तर आमच्याकडे भातगिरणीतून पोत्यांनी येऊन पडलेलं. वाण्याकडून चहाचं रिकामं खोकं मिळालं. उशीला मी माझा जुना परकर उसवला. सासूबाई लांबून बघत होत्या.

"इस्तवाबिगर कसं शिजंल गं?"

"आई, विस्तव आधी देतोच की आपण. तोच आत कोंडून ठेवायचा."

"इस्तव कोंडायचा? तुसात?" एवढंच बोलून त्या गोठ्याकडे गेल्या.

आता प्रश्न असा होता की लापशी एकट्या सासऱ्यांसाठी करायची होती, पण तो पत्र्याचा डबा घरात आल्यापासून सगळ्यांच्याच पोटात काहीतरी होऊ लागलं होतं. सासूबाईंना जळजळायला लागलं. नवऱ्याला पाळीवर पोट जड वाटायला लागलं. मी म्हटलं ठीक आहे, चौघांची करते. तर प्रत्येकाची तऱ्हा निराळी. सासऱ्यांची बिनतिखटाची, मीठ नावाला. सासूबाईंना गूळ नि वेलची. नवऱ्याला लसूण, जिरं नि मीठ. मला साखर. मग मी चार छोटे झाकणाचे स्टीलचे डबे घेतले. प्रत्येकात मूठभर ओट, पाणी आणि ज्याचं त्याचं. चारही डबे मोठ्या टोपात अर्ध्या पाण्यात उभे केले, पाव तास खळखळून उकळलं आणि तो टोप तसाच उचलून तुसात बसवला. कुणाचा कुठला हे कळावं म्हणून झाकणांना दोरे बांधले: सासऱ्यांना पांढरा, सासूबाईंना हिरवा, नवऱ्याला काळा, मला लाल.

सकाळी साडेपाचला पेटी उघडली. वाफ नाही. टोप कोमट. डब्यांत भिजलेले दाणे खाली नि पाणी वर.

"बगितलंस?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा दुःखी होता, पण फार नाही.

दुसऱ्या रात्री मी पाव तासाऐवजी वीस मिनिटं उकळलं. सकाळी तेच. तिसऱ्या रात्री तूस आणखी दाबलं, उशीवर गोधडी घातली. सकाळी टोप चक्क गार, आणि आतलं तूस ओलं. आता तूस ओलं कसं होईल हे मला काही केल्या कळेना. मला वाटलं टोप गळतोय. पाणी भरून बघितला, थेंब नाही. सासरे रोज कोमट पाण्यातले दाणे चमच्याने उचलून चावायचे. नवरा जेवताना गंभीरपणे म्हणाला, "तुझ्या पेटीत मूलभूत दोष आहे." मला रडू आलं. माहेरी असते तर सरळ रडले असते. इथे भांडी घासायला विहिरीवर गेले.

ग्रामसेविका पुन्हा गावात आली तेव्हा मी तिला धरून घरी आणलं. तिने खोक्यात दंडापर्यंत हात घालून बघितलं, उशी चाचपली, मग माझ्याकडे रोखून पाहिलं.

"रात्रीतनं उघडतं का कुणी?"

"कोण उघडणार? सगळे झोपतात."

"एकदा उघडली तरी खलास. शेजारच्या गावात एका घरी सासरा उघडायचा." ती बिनदिक्कत मोठ्याने बोलत होती. माझे सासरे ओटीवर बसून दोर वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्या संध्याकाळी मी कणीक भिजवली. पेटी बंद केल्यावर झाकणाच्या चारी बाजूंना कणकेची लांब वळी दाबून बसवली, माहेरी आई लोणच्याच्या बरणीला बसवायची तशी. कुणाला काही बोलले नाही. सगळे बघत होते.

सकाळी कंदील घेऊन पेटीपाशी गेले. कणकेची वळी जागच्या जागी होती. मला हायसं वाटलं. मग नीट बघितलं तर एका बाजूला वीतभर जागी कणीक पांढरी दिसत होती. बोट लावलं. ती कणीक नव्हती, तांदळाच्या पिठाची उकड होती. दुसऱ्या बाजूला वीतभर जागी चिखल लिंपलेला, बांध लिंपावा तसा सफाईने. आणि तिसऱ्या बाजूला काळी चिकटपट्टी, कारखान्यात वायरींना गुंडाळतात ती.

मी कंदील खाली ठेवला आणि तिथेच बसून हसायला लागले. आधी मला रागच यायला हवा होता, पण चिखलाचं काम इतकं सुबक होतं की काही इलाज चालेना. हसण्याच्या आवाजाने तिघं आले आणि ओळीत उभे राहिले.

"आई, ही उकड?"

सासूबाईंनी पदर सावरला. "मग काय करू? तूस पेटलं म्हंजी? आमच्या लहानपनी तुसाचा ढीग आतल्या आत चार दिस धुमसत व्हता. वरून कायच दिसत नव्हतं. मी आपलं रोज उठून वाईच पानी शिंपडत व्हते."

"पेटीत पाणी शिंपडत होतात?"

"वाईच. तांब्याभर."

"आणि ही पट्टी?"

नवरा घसा साफ करत म्हणाला, "मी तापमान घेत होतो." खिशातून त्याने कारखान्यातला थर्मामीटर काढला आणि एक चुरगळलेला कागद. "दहाला, बाराला आणि दोनला. हे बघ, रोज रात्री तापमान झपाट्याने उतरतं. म्हणून तर म्हटलं, मूलभूत दोष आहे."

"अहो, तुम्ही उघडता म्हणून उतरतं!"

त्याने कागदाकडे बघितलं. मग तो उलटा करून बघितला. बॉयलरवर काम करणारा माणूस होता तो.

सासरे तेवढ्यात सटकायच्या बेतात होते. "बाबा, हा चिखल?"

"कसला चिखल?" त्यांनी हात मागे घेतले. "उंदरानं लिंपला आसंल."

मी पेटी उघडली, पांढऱ्या दोऱ्याचा डबा काढला आणि झाकण उघडलं. न शिजलेल्या ओटांत मधोमध एक हिरवी मिरची देठासकट उभी होती.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मग त्या कडाडल्या. "आवो, मराया टेकला व्हता तुमी! त्या डागतरानं परत पाठीवलं तुमाला! आन् तुमी मिरची घालताय?"

"एकच हाय ना! आन् मी कुटं खातोय? नुसता वास लागावा म्हनून." मग माझ्याकडे वळून, अगदी केविलवाणं तोंड करून ते म्हणाले, "पोरी, तीस-चाळीस वर्सं मी मिरचीबिगर उजाडलेलं बगितलं नाय गं. त्या लापशीला ना चव, ना ढव. निदान तोंडाला पानी सुटाया तरी काय तरी पायजे."

हे ऐकून माझं हसू थांबलं. त्यांना भूक लागत होती नि घास मात्र गोड लागत नव्हता, हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्या रात्री मी त्यांच्या डब्यात आलं किसून घातलं, थोडी जिऱ्याची पूड, आणि सकाळी वरून ताजं दूध. आल्याला डॉक्टरांनी बंदी घातलेली नव्हती. मी विचारलंच नव्हतं.

पेटी कुणी उघडणार नाही याची हमी मात्र कुणीच देईना. शेवटी सासूबाईंनीच मार्ग काढला. मी झाकण लावल्यावर त्यांनी वर हळद-कुंकू वाहिलं, एक नारळ ठेवला आणि हात जोडले.

"आता ज्याला उगडायची त्यानं उगडावी," त्या म्हणाल्या. पण हे सांगताना त्या स्वतःच्याच हातांकडे बघत होत्या.

सकाळी मी नारळ बाजूला ठेवून झाकण उचललं तर तोंडावर वाफ आली. टोप हाताला चटका देत होता. डब्यांत लापशी फुलून झाकणाला टेकली होती, मऊ, दाणा न दाणा उमललेला. चौघं चार पाटांवर बसलो, आपापला डबा घेऊन. सासऱ्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आल्यानं जरा बरं लागतंय." तेवढ्यावर थांबले नाहीत. नवऱ्याच्या डब्यातली लसणाची लापशी चाखून बघू दे म्हणून त्यांनी चमचा पुढे केला. सासूबाईंनी तो मधेच अडवला.

महिन्याभरात सासरे पेटीचे सगळ्यात मोठे जाणकार झाले. ओटीवर कुणीही आलं की ते त्याला आत नेऊन पेटी दाखवायचे, पण उघडू द्यायचे नाहीत. "रात्री उगडली का खलास," ते बजावून सांगायचे, ग्रामसेविकेच्याच आवाजात. पेटी मी केली हे ते कधी बोलले नाहीत. "आमी केली" म्हणायचे, आणि त्या "आमी"त मी असेनही.

पत्र्याचा डबा संपल्यावर आम्ही ओटांच्या नादी लागलो नाही. तांदळाच्या कण्या नि नाचणी त्याच पेटीत तितकीच छान शिजे. रात्री त्यात भाजीही ठेवू लागलो, नि नवऱ्याच्या डब्याचं निम्मं काम झोपण्याआधीच होऊन जाई. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी सासऱ्यांना भाकरी चालू करायला सांगितली. त्यांनी पहिल्याच दिवशी दोन खाल्ल्या नि दुपारभर पोट धरून बसले. मग भाकरी जेवणाला आणि सकाळी डबा, असं त्यांनीच ठरवून टाकलं.

सगळ्यात मोठी पंचाईत झाली ती सासूबाईंची. त्या चारला उठायच्याच. उठून चुलीपाशी यायच्या, नि करायला काही नसायचं. काही दिवस त्यांनी घासलेली भांडी पुन्हा घासली. मग एक दिवस साडेपाच वाजले तरी त्या उठल्या नाहीत. नवरा घाबरून त्यांना हलवायला गेला. "आये, बरं नाय का वाटत?"

"बरं वाटतंय," त्या पांघरुणातून म्हणाल्या. "म्हनून तर झोपलेय."

थंडीच्या दिवसांत एका सकाळी, पुरुष माणसं बाहेर पडल्यावर, त्या मला म्हणाल्या, "चल गं, वाईच फिरून येऊ."

"कुठे?"

"कुटं नाय."

आम्ही दोघी बांधाबांधाने पार रस्त्यापर्यंत गेलो. हातात कळशी नाही, डोक्यावर पाटी नाही, कमरेला विळा नाही. सासूबाईंना हातांचं काय करावं कळत नव्हतं, म्हणून त्या ते पाठीमागे बांधून चालत होत्या, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारख्या. वाटेत त्यांनी मला कोंडाण्याच्या आपल्या माहेराबद्दल सांगितलं. तिथल्या ओढ्यात त्या खेकडे धरायच्या म्हणे, नि भावांपेक्षा जास्त धरायच्या. वर्षभरात त्यांनी मला भाकरी नि सरपण सोडून दुसऱ्या कशाबद्दल सांगितलेलं हे पहिलंच.

समोरून शेजारची म्हातारी गवताचा भारा घेऊन येत होती. आम्हाला अशा मोकळ्या हातांनी बघून ती थबकली.

"काय गं, कोन गेलं का?"

"नाय गं."

"मंग कुटं निगालात?"

"कुटंच नाय. आशाच."

म्हातारीने भारा खाली टाकला. आमच्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, पुन्हा आमच्याकडे. "आशाच म्हंजी?" तिने विचारलं.

सासूबाईंनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, "ते मला बी अजून नीट कळलं नाय. उद्या तू बी चल, तुला काय कळतंय का बगू."