अस्तराचा बारावा तुकडा

सकाळी साडेसातला तेक्ला नॉर्लिंगने टेबल पुसायला घेतलं आणि फडक्याखाली काहीतरी गोल फिरलं. पेनातल्या रिफिलीएवढ्या जाडीची, दोन बोटं लांब प्लॅस्टिकची नळी. कापताना उडालेला कपटा असेल म्हणून तिने तो केराच्या टोपलीपर्यंत नेलाही. मग टोकांवरून नख फिरवलं. एक टोक सरळ कापलेलं, दुसरं दिव्यावर धरून फुलवलेलं. कपटा नव्हता, अस्तराचा अख्खा तुकडा होता.

काल संध्याकाळी तिने असे बारा तुकडे कापले होते आणि बारा माशा बांधल्या होत्या. म्हणजे त्यातली एक माशी अस्तराशिवाय गेली होती.

माशा म्हणजे घरातल्या नव्हेत, गळाला लावायच्या. त्याही पाइकसाठी. पाइक हा मासा बदकाचं पिल्लू गिळून ढेकरही देत नाही, त्याला डासाएवढं काही दाखवून भागत नाही. म्हणून तेक्लाची माशी वीतभर लांब. पितळेची नळी, तिच्यावर हरणाच्या शेपटीचे केस, कोल्ह्याची लव, चमकीच्या चार तारा आणि पुढे दोन बटबटीत डोळे. दोर या नळीतून ओवायचा आणि शेवटी गळ बांधायचा. पण कापलेल्या पितळेची कड पात्यासारखी असते, म्हणून आत प्लॅस्टिकचं अस्तर. ते नसलं तर माशीच आपला दोर कातरत बसते आणि मासा तोंडात गळ घेऊन निघून जातो.

ग्रोविक या खाडीकाठच्या गावात याहून लाजिरवाणं काही नाही. तिथल्या मासेमारी मंडळाच्या होडीघरात एक फळी आहे. असा सुटलेला मासा पुढेमागे कुणाला सापडला की त्याच्या तोंडातला गंजका गळ त्या फळीवर ठोकतात आणि खाली नाव लिहितात. गाठ चुकली तर बांधणाऱ्याचं, माशी चुकली तर माशीवालीचं. एकतीस वर्षांत त्या फळीवर तेक्लाचं नाव आलं नव्हतं.

आणि नेमकी आज ऑक्टोबरची शेवटची मासेमारी होती. अकराच्या कॉफीला मंडळाचा अध्यक्ष माल्ते पुढच्या वर्षीच्या माशा कुणाकडून घ्यायच्या ते ठरवणार होता. त्याच्या खिशात कारखान्यात बनलेल्या माशांचं एक गुळगुळीत पुस्तक आठवडाभर फिरत होतं. जूनपासून तेक्लाला जवळचं धूसर दिसायला लागलं होतं, ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

गप्प बसता आलं असतं. कदाचित ती माशी डबीतून बाहेरच आली नसती. तेक्लाने एवढा विचार केला आणि तो पुरता व्हायच्या आत बूट चढवून आपली होडी पाण्यात लोटली.

कालच्या बारा माशा दोघांकडे होत्या, एव्हर्टकडे सहा आणि माल्तेकडे सहा. एव्हर्टची होडी जवळ होती. सत्तरीतला एव्हर्ट ओठाखाली तंबाखूची पुडी दाबून पाण्याकडे असा बघत होता, जणू पाणीच त्याचं काही देणं लागतं.

"एव्हर्ट, माशा दे इकडे."

"अगं, दिलेली वस्तू परत मागतेस? आमच्या लग्नात दिलेली किटलीही नेणार का?"

"डोळ्यांचा डिंक वाळला का ते बघायचंय."

तिने हातमोज्याच्या मनगटातून लाल लोकरीचा धागा ओढला आणि पहिल्या नळीत घातला. अस्तर असेल तर धागा सुळकन पार होणार, नसेल तर पितळेला अडकून पिंजणार. धागा पार झाला. दुसरी, तिसरी, प्रत्येकीला नवा तुकडा. चौथ्या नळीला धागा संपत आला म्हणून तिने मोजा आणखी उसवला.

"डिंक लोकरीने बघतात होय?" एव्हर्ट म्हणाला. "मला दे की. वसंतात डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला पलीकडच्या बेटावरची मेंढीसुद्धा रवंथ करताना दिसते."

"तू मेंढीच बघ."

सहाव्या नळीतूनही धागा अख्खा बाहेर आला. तेक्लाने माशा त्याच्या डबीत परत टाकल्या आणि वल्ही उचलली.

"आणखी दोन होड्या असत्या तर तुझा हात उघडा पडला असता," एव्हर्ट मागून ओरडला. मग हळू आवाजात, जणू सहजच, "माल्ते लव्हाळ्यांपाशी आहे. लवकर जा."

वारा तोंडावर होता. साठ वर्षांच्या खांद्यांना दहा वल्ह्यांतच दम लागला. जमिनीच्या टोकाला वळसा घालताच माल्ते दिसला. होडीत उभा, गळाची काठी कमानीसारखी वाकलेली. पंधरा हातांवर पाणी फुटलं आणि हिरवट पिवळी पाठ एकदा वर येऊन गेली. मीटरभराचा मासा तरी असेल.

"माल्ते! कुठली माशी आहे?"

"तुझीच, मावशी! कालची! बघत राहा नुसती!"

"कालच्यातली कितवी?"

"माशांना नंबर घातलेत का तू?" तो हसला. काठी आणखी वाकली. मासा लव्हाळ्यांकडे धावत होता आणि माल्ते त्याला जोराने मागे ओढत होता.

बाकीच्या पाच डबीत होत्या. त्या तपासायला वेळ नव्हता. तेक्ला ओरडली.

"ओढू नकोस! ती नागडी असेल! एका माशीत अस्तर घालायचं राहिलंय!"

माल्तेचं हसू गेलं. पण हात त्याच्या आधी हलले, काठी खाली आली, दोर सैल झाला.

"तुझ्या माशीत?"

"माझ्या माशीत. नंतर विचार. मासा तुझ्याकडे आणायचा नाही, तू माशाकडे जायचंस. दोर फक्त ताठ ठेव, बाकी मी."

तिने आपली होडी त्याच्या होडीला अडकवली, त्याच्या होडीत चढली आणि वल्ही घेतली. मासा लव्हाळ्यांच्या काठाशी थांबला होता, डोकं झटकत होता. प्रत्येक झटक्याला पितळेची कड दोरावरून फिरत असणार, हे दोघांनाही न बोलता कळत होतं. दहा हात. सहा. माल्तेच्या कपाळावर थंडीत घाम होता. तीन हात. तेक्लाने वल्ही सोडली आणि जाळी पाण्यात खाली, अगदी खाली धरली.

"आता डोकं वळव. हळू रे, बाळाला झोपवल्यासारखं."

मासा वळला. डोकं जाळीच्या कडेवरून आत आलं आणि त्याच क्षणी दोर टक् करून तुटला. काठी सरळ झाली. तेक्लाने दोन्ही हातांनी जाळी वर खेचली. मासा आत होता.

माल्तेने पकडीने गळ काढला, शेपटीशी धरून मासा पाण्यात उभा ठेवला. कल्ले चालायला लागले, मग एका फटक्यात तो गेला आणि दोघांना भिजवून गेला. माल्तेने दोराचं टोक बघितलं. उंदराने कुरतडल्यासारखं झालं होतं.

"तुला कसं कळलं?"

तेक्लाने खिशातून पांढरा तुकडा काढून तळहातावर धरला.

"म्हणजे तुला दिसत नाही."

"लांबचं दिसतं. तुझं तोंड पडलेलं दिसतंय."

"कधीपासून?"

"जून."

माल्तेने गळ बाहीला पुसला. "मासा गेला, गळ माझ्याकडे आहे. इथे कुणी नव्हतं, मावशी."

"तू होतास की," तेक्ला म्हणाली आणि आपल्या होडीत उतरली.

अकराला होडीघरात कॉफी उकळत होती. तेक्लाने पेला घेतला नाही. हातोडी मागितली.

"नियम काय आहे?" एव्हर्टने हरकत घेतली. "गळ माशात राहिला तरच. तो मासा तर घरी जाऊन बायकोला सांगतही असेल."

"दोर तुटला. मला तेवढं पुरे आहे."

तिने गळ फळीवर धरला, खिळा टेकवला आणि हातोडी मारली. घाव अंगठ्यावर बसला. ती पुन्हा नेम धरायला लागली तेव्हा माल्तेने तिच्या हातून हातोडी घेतली, दोन घावांत खिळा बसवला आणि खडूने खाली लिहिलं, तेक्ला.

मग तो वळला. "पुढच्या वर्षीच्या साठ माशा. मार्चपर्यंत. आधी डॉक्टरकडे जाऊन चष्मा. आणि अस्तर एव्हर्ट घालेल."

पहिल्या दोन गोष्टी तेक्लाने मान खाली घालून ऐकल्या. तिसरीला ती उसळली.

"हा? याच्या बोटांना तंबाखूचा वास येतो! खाडीतले पाइक पळून जातील."

"तुझ्या डिंकाचा वास सोसला त्यांनी," एव्हर्ट म्हणाला, "माझा वासही सोसतील."

खिशातलं गुळगुळीत पुस्तक काढून माल्तेने डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं आणि कॉफी ओतून घेतली.

सोमवारपासून एव्हर्ट सकाळी येतो, मेंढी बघणाऱ्या डोळ्यांनी अस्तरं घालतो आणि तुकडे मोठ्याने मोजतो. तो गेला की तेक्ला नवा चष्मा कपाळावर सरकवते आणि प्रत्येक नळीतून ताजा लाल धागा ओढून बघते. अजून एकही अडकलेला नाही. डाव्या हाताचा मोजा मात्र संपला, परवा उजवा उसवायला घेतला.