तोफेची ओटी

आमच्या धाकट्या दिरांइतका हवेवर जीव टाकणारा माणूस साऱ्या हिंगोली जिल्ह्यात नसेल, आणि असलाच तर तो एव्हाना फुगून वर गेला असेल. माणसं जमिनीवर जीव टाकतात, सोन्यावर टाकतात, काही थोडी बायकोवरही टाकतात. आमचे भावजी हवेवर. "हवा फुकट हाय वैनी," असं ते मला पन्नास वर्षं सांगत आलेत, "फकस्त तिला धरून ठिवायची अक्कल पायजे." कुरुंद्यात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं त्यांचं दुकान होतं, ते आता मुलगा बघतो, पण मोटारी हा त्यांचा धंदा होता आणि हवा हा छंद. रस्त्यात उभी असलेली सायकल असो की ट्रॅक्टर, अंगठ्यानं चाक दाबून बघितल्याशिवाय ते पुढं सरकत नाहीत. एकदा गावात कुणी पुढारी आले होते. सगळं गाव हार घेऊन पुढं, आणि भावजी गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसलेले. भाषण रंगात आलं तेव्हा ते उठले आणि मंडपाच्या दांडीला टेकून शांतपणे म्हणाले की साहेब, मागलं डावं बसून राहिलं, आटपतं घ्या. साहेबांनी लक्ष दिलं नाही. त्या संध्याकाळी ते आमच्या गावात जरा जास्तच वेळ राहिले.

स्वतःच्या लग्नातही त्यांचं हेच. अंतरपाट दूर झाला, नवरीनं लाजत हार घातला, आणि नवरदेव तिच्याशी आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलले ते असं: "पिपाणीवाल्याची हवा गळून राहिली." आमची जाऊ ते वाक्य अजून घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेला ऐकवते, म्हणजे तिच्या फार अपेक्षा राहू नयेत. गळती शोधायची भावजींची रीत एकच, साबणाचा फेस. गॅसच्या नळीला फेस, कुकरच्या झाकणाला फेस, जावेच्या गरम पाण्याच्या पिशवीला फेस. भजनी मंडळाची पेटी जरा दमल्यासारखी वाजते म्हणून त्यांनी तिच्या भात्यालाही ब्रशनं फेस फासला. पुढच्या एकादशीला पेटी बुडबुडे सोडत गात होती, आणि लहान मुलांनी त्या एका दिवशी तरी भजनाला मनापासून गर्दी केली.

आता एवढा साबण लागणारा माणूस तो गल्लीतून घेईल की नाही? किराणा दुकान माझ्या ओट्याच्या समोर आहे, भावजींच्या दारापासून दहा पावलांवर. पण ते साबणाच्या वडीसाठी वसमतला जातात. त्या दुकानदाराशी त्यांचं पन्नास वर्षांपासून बोलणं नाही. एका गावात, एका गल्लीत. लग्नात दोघं वेगळ्या पंगतीला बसतात. मयतीला खांदा द्यायचा तर एक पुढं, दुसरा मागं. यामागची गोष्ट गावात सगळ्यांना अर्धीच माहीत आहे. उरलेली अर्धी फक्त मला माहीत होती, कारण ती मीच केली होती.

त्यासाठी मला एका एकोणीस वर्षांच्या मुलीची ओळख करून द्यावी लागेल, आणि ती द्यायला मला फारसा आनंद नाही. ही मुलगी हिंगोलीहून लग्न होऊन कुरुंद्यात आली. दहावी झालेली, त्यामुळं जगात कळायचं काही शिल्लक नाही असा तिचा समज. डोक्यावरचा पदर खाली यायचा, नाक मात्र कायम वर. शेजारणींनी बोलावलं तर "आमच्या हिंगोलीला" इथून वाक्याची सुरुवात करायची. जणू हिंगोली म्हणजे विलायत, आणि तिथं तिचे वडील तहसीलच्या दाराशी अर्ज लिहून देत बसत नव्हते तर गादीवर बसत होते. धाकटे दीर तेव्हा चौदा वर्षांचे. त्यांनी आणि त्या दुकानदारानं, म्हणजे तेव्हाच्या त्यांच्या जिवलग सोबत्यानं, मिळून एक हवेची बंदूक केली होती. मोडक्या फवारणी पंपाचा पितळी नळा भावजींचा, आतला हवा अडवणारा चामड्याचा वायसर सोबत्याचा. दांडा दाबला की पुढून कच्चं बोर उडायचं. एके दिवशी हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या, मी आमच्या हिंगोलीला कसे पापड करतात ते समजावून सांगत होते, आणि एक बोर येऊन माझ्या अंबाड्यात बसलं. नुसतं लागलं नाही, रुतून बसलं. बायका हसल्या. सासूबाईसुद्धा हसल्या, आणि त्या एरवी सणालाही हसत नसत.

दोन दिवसांनी मोडवाली आली, जुनी भांडी घेऊन नवं स्टील देणारी. तेव्हा स्टीलचं नवं कौतुक होतं. दोघांनी बंदूक कडब्याच्या गंजीत लपवलेली मी बघितली होती. ती काढून मोडवालीला दिली, वर माझी एक चेपलेली वाटी टाकली, आणि एक झाकणाचा डबा घेतला. एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली. त्यावर 'सौ.' लावून माझं पूर्ण नाव घालून घेतलं. चोरीच्या मालावर नाव-गाव कोरून घेणारी चोर आमच्या हिंगोलीलाच होत असेल.

भावजींनी गंजी तीनदा उपसली. जागा सोबत्याशिवाय कुणाला माहीत नव्हती, म्हणून ते त्याला म्हणाले, तूच नेली. त्यानं स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. भावजींनी मानली नाही. तो रडत घरी गेला, आणि मी खिडकीतून बघत होते, हातात डबा. सांगायला हवं होतं. आधी सासूच्या भीतीनं सांगितलं नाही, मग लाजेनं नाही, पुढं पुढं तर नुसत्या सवयीनं. भावजींनी मला कधी फेस लावून बघितला असता तर एक बुडबुडा दिसला नसता.

गेल्या हिवाळ्यात वानरांनी हरभऱ्यात धुडगूस घातला, आणि भावजींनी जाहीर केलं की ते तोफ करणार. हवेची. नुसता आवाज, फार तर एखादा बटाटा, तोही वानराच्या डोक्यावरून. आणि शनिवारी तोफ बंद, कारण शनिवार मारुतीचा. मी विचारलं, "आन शनवारी आलेल्या वानरांचं काय?" ते म्हणाले, "त्येंनी येऊन घ्यावं. आठवड्यातून एक सुट्टी त्येंलाबी पायजे." एवढं बोलून ते कामाला लागले. जुन्या ट्रकच्या ब्रेकची हवेची टाकी आणली. पाण्याच्या प्लास्टिक पाइपात हवा कोंडणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत इथं लिहिण्यासारखं नाही. टाकीत आधी काठोकाठ पाणी भरून, दाबून, रात्रभर ठेवून तपासली, मग हवा. दाबाचं घड्याळ लावलं. नळा लोखंडी. सगळं बैलगाडीच्या जुन्या आसावर चढवलं आणि आमच्या मागच्या खळ्यात उभं केलं, कारण हळद वाळवायचं ते खळं तेवढं मोकळं होतं आणि पुढं बांधापर्यंत कुणी नव्हतं. रोज सकाळी येऊन आधी माझ्याकडं चहा, मग तोफ.

तोफ काही उडेना. पहिल्यांदा लावलेली तोटी इतकी सावकाश उघडायची की हवा झोपेतून उठल्यासारखी बाहेर यायची. बटाटा तोंडातून टपकून पायाशी पडायचा. भावजी त्याला उचलून पुसायचे, जणू पोरगं खेळताना पडलं. मग झटक्यात उघडणारी तोटी आणली. तरी बटाटा दहा पावलं. कारण बटाटा नळ्यात सैल, हवा बाजूनं निसटायची. तेव्हा ते नळ्याच्या मापाचं लोखंडी कडं घेऊन आठवडी बाजारात गेले आणि ढिगातला एकेक बटाटा कड्यातून घालून बघू लागले. भाजीवाली म्हणाली, "काका, कोनत्या पोरीला बांगड्या भरून राहिले?" त्यांनी मान वर केली नाही. माप जमलं नाही ते नाहीच. तोवर हरभरा निघून घरात आला, हळद खणून, शिजवून, वाळवून झाली, चैत्र लागला, वानरं दुसऱ्या गावी गेली. आता तोफ कशाला, असं जावेनं विचारलं. भावजी माझ्याकडं बघून म्हणाले, "वैनी, लहानपणी एकदा जमली व्हती. पन्नास वर्सं डोक्यात हाय. एकदा उडाली म्हंजी झालं." मी चहाची बशी धुवायला आत गेले. ती धुतलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवटचा प्रयत्न ठरवला. मी म्हटलं, नव्या यंत्राला हळदकुंकू नको का? घरातून पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्या कुणाची ओटी रिकामी ठेवू नये. खरं सांगायचं तर मला थोडी गंमतही करायची होती. टाकी अजून रिकामी होती. मी तोफेला कुंकू लावलं आणि तिच्या तोंडात रीतसर ओटी भरली. खणात बांधलेली ओंजळभर ज्वारी, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याचा तुकडा, आणि हात सैल सोडून हळद, कारण आमच्याकडं तिला तोटा नाही. नारळ मावेना, तो दगडावर फोडला. भावजींचं लक्ष घड्याळाच्या काट्याकडं. त्यांनी वरून काठीनं बटाटा ठोकला आणि म्हणाले, "आज गच्च बसून राहिला." मग नेमाला काहीतरी वाजणारं मागितलं. मी घरात गेले. वाजणारी भांडी दहा होती. माझा हात फळीवरच्या त्या डब्यावर गेला. मी त्यातलं खोबरं परातीत ओतलं आणि डबा आणून बांधावर ठेवला, नाव तोफेकडं करून.

सगळ्यांना त्यांनी मागं भिंतीआड उभं केलं. हवा भरली. दोरी ओढली. एवढा मोठा आवाज मी आमच्या हिंगोलीलाही कधी ऐकला नव्हता. बटाट्यामागं गच्च बसलेल्या माझ्या खणानं हवेची सगळी वाट अडवली होती. डबा बांधावरून उडाला, आणि वर पिवळा ढग उठला. त्यातून ज्वारी पडू लागली, वाऱ्यानं ढग आमच्यावरच आला, आणि भावजी, जाऊ, मी, तोफ, सगळ्यांना एकदम हळद लागली. खण बाभळीवर जाऊन अडकला. भावजी त्याच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. "आता कळलं," ते म्हणाले. "आत चिंधी पायजे व्हती."

पिवळ्या पायांनी जाऊन ते डबा घेऊन आले. पोटात मूठ मावेल एवढा पोचा. त्यांनी सवयीनं अंगठ्यानं दाबून बघितला.

"पत्रा चांगला हाय वैनी. असा आता भेटत न्हाई. कवाचा व्हय?"

"तुमच्या नळ्याचा हाय," मी म्हणाले. "तुमी साळंत गेल्ते तवा मोडवालीला दिला. मीच."

ते किती तरी वेळ नाव वाचत होते, जणू ते लांबलचक होतं.

"म्हंजी त्यानं न्हाई नेला."

"न्हाई. माजं चुकलं भावजी."

त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि घरी गेले. टाकीत उरलेली हवा सोडायला ते विसरले. असं त्यांच्या हातून पहिल्यांदा झालं. ती शेवटी जावेनं सोडली, मोठ्यानं फुसफुसत, आणि मी ऐकत उभी होते.

तीन दिवस ते चहाला आले नाहीत. मी दोन कप मांडून एक ओतून देत होते. चौथ्या सकाळी ओट्यावर बसले होते तर समोर भावजी, किराणा दुकानाच्या पायरीखाली. वर चढत नव्हते, जातही नव्हते. दुकानदार काट्यावर काही मोजत होता. त्यानं मान वर केली आणि हातातलं माप तसंच राहिलं.

"साबन दे," भावजी म्हणाले.

दुकानदारानं माप खाली ठेवलं. "कोनता?"

"फेस जास्त येतो तो."

त्यानं वडी काढली. भावजींनी ती अंगठ्यानं दाबून बघितली. मग भावजी पायरी चढून त्याच्या कानाशी काहीतरी बोलले. काय ते मला ऐकू आलं नाही आणि ऐकायचा हक्कही नव्हता. थोड्या वेळानं दुकान तसंच उघडं टाकून दोघं रस्ता ओलांडून माझ्याकडं आले. दुकानदार म्हणाला, "वैनी, डबा दावा." मी दाखवला. त्यानं तो फिरवून फिरवून बघितला. मला वाटलं, आता बोलेल. बोलायला हवंच होतं. तो एवढंच म्हणाला, "त्यात माहा वायसर व्हता चामड्याचा. त्याचं काय झालं?"

"मोडवालीनं काढून फेकला," मी म्हणाले.

"व्हय," तो म्हणाला. "चामड्याची मोड व्हत न्हाई." आणि ओट्यावर बसला. मी तिसरा कप मांडला.

आता दुकानदार सांजेच्या आत दुकान बंद करतो आणि दोघं खळ्यात येतात. हा चिंधी कापतो, तो ठोकतो, बटाटा एकाच्याही घरी शिजत नाही. एकमेकांशी फार बोलत नाहीत; पन्नास वर्षांचं बोलायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करणार? "दाब किती?" "बराबर हाय." एवढंच चालतं. नेमाला डबा तोच. मी दुसरा देऊ केला होता, पण दुकानदार म्हणाला की हाच बरा वाजतो. पोचे पडून पडून माझं नाव आता वाचता येत नाही, 'सौ.' तेवढं राहिलं होतं, तेही परवा गेलं. मी ओट्यावरून बघत असते. नेम लागला की त्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या वाट्याचं तिला मिळालं असं वाटतं, आणि नेम चुकला की दोघं म्हातारे बटाटा शोधायला बरोबर जातात, बांधापर्यंत, हळूहळू. तेव्हा मला वाटतं, चुकू द्यावा.