सांता मार्ताची बांधाबांध

पद्मिनीची आणि माझी ओळख भांडणातून झाली. सौदीतल्या अल खोबरच्या आमच्या इमारतीची लिफ्ट, माझ्या हातात सुरमईची पिशवी, आणि ही सांगलीची बाई नाकाला ओढणी लावून उभी. मी म्हटलं, वास सोसत नसेल तर जिना आहे. तीही काही कमी नव्हती, म्हणाली, जिना माशांसाठीच बांधलाय, तुम्हीच जा. संध्याकाळी बघते तर माझ्या दारात हजर. आत येऊन बसली, इकडचं तिकडचं बोलली आणि हळूच विचारलं, ती सुरमई तळलीत का? नवरा शाकाहारी, घरात अंडंसुद्धा चालत नव्हतं. त्या दिवसापासून चोवीस वर्षं ही बाई माझ्या ओट्याशी उभी राहून मासे खात आली.

मी जुबेदा. माहेर हर्णै, सासर दापोली. माझा नवरा हाशम दम्मामला गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात आहे. पण ही गोष्ट माझी नाही, आणि मी किती शहाणी ते सांगायलाही बसलेले नाही. शहाणी असते तर ही गोष्ट झालीच नसती.

पद्मिनीचं म्हणाल तर तिला कधी कुणी काही विचारलं नाही. लग्न झालं, नवरा कुमारभाऊ नोकरीला सौदीत आले आणि ती सांगलीत राहिली, कारण सासऱ्यांना अर्धांगवायू झाला होता. सहा वर्षं त्यांचं अंथरुणातलं सगळं तिनं केलं. ते गेले तेव्हा तिला इकडे आणलं. इकडे तरी काय होतं? बायकांना गाडी चालवायची मुभा नव्हती, नवरा ऑफिसातून येईल तेव्हा बाहेर पडायचं. पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात, इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना नवऱ्याच्या नावावर, येण्याजाण्याचा व्हिसा नवऱ्याच्या मोबाईलमधून. आम्हा सगळ्यांचं असंच चालतं. सुटीला जायचं तर नवरा दोन बटणं दाबतो आणि आपण बॅगा भरतो. कुठली बटणं दाबली ते आमच्यातली एकही बघत नाही. मीसुद्धा कधी बघितलं नव्हतं.

बायकांना लायसन मिळायला लागलं तशी ही पन्नाशीची बाई ड्रायव्हिंग शिकली. तीनदा नापास झाली, चौथ्यांदा पास. मग मला बाजूला बसवून समुद्रावर न्यायला लागली. तिथं गाडीत बसून थर्मासमधला चहा पिताना तिनं मला मोबाईलवर सांता मार्ता दाखवलं.

सांता मार्ता म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशातलं शहर, कॅरिबियन समुद्राच्या काठचं. कुणी एक निवृत्त जोडपं तिथं राहायला गेलं होतं आणि रोज व्हिडिओ टाकत होतं. बाजारातून मासळी आणली, पपई आणली, संध्याकाळी वाळूवर फिरून आलो. बस, एवढंच. घरभाडं झेपण्यासारखं, मागे डोंगर, पुढे समुद्र. मला हसूच आलं. म्हटलं, गो बाय, मासे, डोंगर नि समुद्रच हवा तर आमच्या हर्णैला ये की, त्यासाठी पृथ्वीच्या पाठीमागे कशाला जातेस?

ती हसली नाही. म्हणाली, "हर्णैला मी कुणाची तरी सून असेन. तिथं मला कुणी ओळखत नाही, जुबेदा. सकाळी उठल्यावर दुसऱ्या कुणाला काय हवंय ते बघावं लागणार नाही."

मला वाटलं, नवरा ऐकायचा नाही. तर कुमारभाऊ चक्क हो म्हणाले. साठी झाली की नोकरी सोडू, दोघं तिकडे जाऊ. त्या एका होकारानं बाई उजळून निघाली. वही केली. तिकडच्या व्हिसाला दरमहा पेन्शन दाखवावी लागते. आता गल्फमधल्या माणसाला कुठली पेन्शन, म्हणून विम्याची पेन्शन देणारी पॉलिसी नवऱ्याला घ्यायला लावली. मोबाईलवर स्पॅनिश शिकली. माझ्याकडे कोळंबी सोलताना कोळंबीला काय म्हणतात, मिरचीला काय म्हणतात, ते माझ्याकडूनही पाठ करून घ्यायची. मी वैतागायचे. इतक्या वर्षांत मला अरबी धड आली नाही, आणि हे कुठलं नवीन लचांड! तिकडे हिंग मिळत नाही असं कळलं तेव्हा दोन दिवस तोंड पाडून बसली, मग किती वर्षांना किती हिंग लागेल त्याचा हिशोब मांडला.

एक घरसुद्धा बघून ठेवलं होतं. दुसरा मजला, दोन खोल्या, गॅलरीसमोर शेजाऱ्यांचं आंब्याचं झाड. घरमालकिणीशी तोडकंमोडकं बोलायची. त्या बाईनं एकदा विचारलं, तुम्ही कोण? ही म्हणाली, मी पद्मिनी. पुढे काही सांगावं लागलं नाही याचंच तिला कोण अप्रूप. आठवडाभर मला तेच सांगत होती.

या वर्षी ईद झाल्यावर तिच्या सासूबाई सांगलीला बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. नणंदेनं हात झटकले. पद्मिनीनं नवऱ्याला साफ सांगितलं की नर्स ठेवू, स्वयंपाकाला बाई ठेवू, मी महिनाभर जाऊन सगळं लावून देते, पण पुन्हा अंथरुणाशी बसणार नाही, माझी पाळी मी एकदा केलीय. कुमारभाऊ म्हणाले, अगदी बरोबर आहे तुझं. तू महिनाभर जाऊन ये, आलीस की मी राजीनामा देतो आणि इथूनच सांता मार्ता. घर मात्र आत्ताच रिकामं करू, शेवटचा महिना एखाद्या खोलीत काढू.

झालं. ही बांधाबांधीला लागली. फ्रिज दिला, सोफा दिला, गरम कपडे वाटून टाकले, कारण सांता मार्तात थंडी पडत नाही. खोक्यांवर मार्करनं 'सां. मा.' लिहायची आणि मला नंबर घालायला लावायची.

आता माझं ऐका. ती जाण्याच्या दोन आठवडे आधी हाशम जेवताना म्हणाला, कुमारभाऊंना एक खोली बघून दिलीय, एकट्या पुरुषांच्या इमारतीत. मी म्हटलं, तिथं बायकांना ठेवत नाहीत, महिन्याभरानं पद्मिनी आली की ती कुठे राहील? हाशमनं हातातला घास खाली ठेवला. म्हणाला, ती येणार नाही, त्यांनी तिचा फायनल एक्झिट काढलाय.

फायनल एक्झिट म्हणजे कायमची पाठवणी. त्यावर देशाबाहेर पाऊल पडलं की इकामा खलास. परत यायचं तर नवऱ्यानं मुळापासून नवा व्हिसा काढला तरच. आणि कुमारभाऊंना तो काढायचा नव्हता. राजीनामा तर लांबच राहिला, त्यांनी आणखी तीन वर्षांच्या करारावर सही केली होती. आईला बघायला बायको सांगलीत, स्वतः नोकरीवर इथं. सरळ सांगितलं असतं तर ती गेली नसती, भांडली असती, कॅनडातल्या लेकीला बोलावून घेतलं असतं. म्हणून सांता मार्ताचं नाव घेऊन या माणसानं तिचा संसार तिच्याच हातानं बांधून घेतला.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली. ओढणी घेऊन मी दाराकडे निघाले. हाशम बसल्या जागेवरून म्हणाला, "अरीबचा इकामा कुणाच्या टेबलावर आहे ते आठव."

अरीब आमचा थोरला. दीड वर्ष नोकरीशिवाय घरात बसला होता, लग्न ठरलेलं मोडायला आलं होतं. कुमारभाऊ ठेकेदार कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी त्याला आपल्याकडे घेतला, पण इकामा त्या कंपनीच्या नावावर व्हायचा बाकी होता. मी ओढणी खुंटीला लावली आणि भांडी घासायला घेतली.

पुढचे चौदा दिवस मी रोज तिच्या घरी जाऊन खोकी बांधली. मूग गिळून बसणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. एका दुपारी ती खोक्यावर बसली आणि म्हणाली, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्या बाजूनं उभा राहिलाय बघ. ओठांपर्यंत आलं होतं माझ्या. मी म्हटलं, चिकटपट्टी दे इकडे. स्वतःची एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही, आणि तरी मी पट्टी चिकटवत राहिले.

गुरुवारी दुपारचं मुंबईचं विमान. दम्मामच्या विमानतळावर आम्हीही गेलो होतो. सामान, तिकीट, काउंटरवरची बोलाचाली, सगळं कुमारभाऊंनी केलं. ऑफिसात मीटिंग आहे म्हणून ते घाईनं निघून गेले. पद्मिनीनं मला मिठी मारली, म्हणाली, महिन्यानं येते, बोंबील आणून ठेव. आम्ही पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसलो आणि माझा फोन वाजला.

"जुबेदा, इथला पासपोर्ट बघणारा माणूस खुरूज निहाई म्हणतोय," ती म्हणाली. म्हणजे अरबीत तेच, फायनल एक्झिट. आवाज अगदी शांत होता. "मी तीनदा विचारलं. त्यानं कॉम्प्युटरचा पडदा वळवून दाखवला. कुमार फोन उचलत नाहीत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी शिक्का मारू दिला नाही अजून, बाजूला उभी आहे. आत्ता बाहेर आले तर हे रद्द होतं. त्यांना करायला लावते मी. चार दिवस तुझ्याकडे राहू का? घर तर मीच रिकामं करून बसलेय."

हाशमनं गाडी चालू केली होती, ती बंद केली आणि माझ्याकडे बघत राहिला. त्याला बोलायची गरजही नव्हती. ती माझ्या घरी आली तर कुमारभाऊंना पहिल्यांदा काय कळेल, आणि त्या टेबलावरच्या कागदाचं काय होईल, ते मला कुणी सांगायला नको होतं. किती वेळ गेला? फार नाही. पण 'या अल्ला, हे कसं झालं' एवढं तरी कुणीही म्हणालं असतं. तेही माझ्या तोंडून निघालं नाही. तिला तेवढं पुरलं.

"तुलाही माहीत होतं," ती म्हणाली. "राहू दे."

फोन बंद झाला. मी पाच-सहा वेळा लावला, तिनं घेतला नाही. विमान वेळेवर सुटलं.

अरीबचा इकामा पुढच्याच आठवड्यात झाला. कुमारभाऊ स्वतः मिठाईचा डबा घेऊन आले. मी डबा घेतला, वर चहाही केला. त्या माणसाच्या तोंडावर मला काय काय बोलायचं होतं ते मी रोज ओट्याशी एकटी बोलते.

मी 'ये' म्हणणारच होते. आणखी थोडं थांबली असती तर म्हटलंच असतं. हाशमला हे मी किती वेळा सांगितलं असेल, तो नुसती मान हलवतो. शेवटी दोन महिन्यांनी धीर करून सांगलीला फोन लावला. तिनं उचलला. मी हेच सांगायला सुरुवात केली. तिनं मध्ये तोडलं नाही, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सासूबाईंची कूस बदलायची वेळ झालीय. ठेवते."