हरवलेली आई आणि न दिसणारी डिस्क

नोकरीत दंगली पाहिल्या, प्रेतं पाहिली, त्यातलं बरंचसं आता विसरायला झालंय. पण कोलकात्यातल्या खिदिरपूरची ती संध्याकाळ अजूनही विसरता येत नाही. त्या प्रकरणात खून नव्हता की दरोडा नव्हता. एक म्हातारी बाई हरवली होती.

मी त्या भागाचा वरिष्ठ पोलीस अधिकारी होतो. बदलीवर कोलकात्यात आलेला एक मराठी बँक अधिकारी धापा टाकत माझ्या केबिनमध्ये शिरला. "साहेब, आई घरात नाही. बँकेतून आलो तर दाराला कडी, फोन घरात. सकाळचं इन्सुलिन घेतलंय तिने, आणि जेवणाचं ताट झाकलेलं तसंच आहे." इन्सुलिन घेतलं आणि पोटात अन्न नसलं की साखर उतरते, माणूस बसल्या जागी कोसळतो. माझ्या वडिलांचं मी पाहिलं होतं. त्यात बाईंना बंगाली येत नव्हतं आणि हिंदी तोडकंमोडकं. पडल्याच कुठे, तर घरचा पत्ताही धड सांगता आला नसता.

मिसिंग डायरी नोंदवली, फोटो सगळ्या ठाण्यांना पाठवला, इस्पितळांना फोन झाले. काही नाही. त्यांच्या सोसायटीला दोन फाटकं. पुढचं गोदीच्या रस्त्यावर, जिथे कंटेनरचे ट्रक कुणासाठी थांबत नाहीत; तिथल्या पहारेकऱ्याला बाई गेल्या की नाही ते नक्की आठवत नव्हतं. मागचं बसच्या रस्त्यावर, तिथे पहारेकरी नाही, फक्त कॅमेरा. बाई कोणत्या फाटकाने गेल्या एवढं कळलं असतं तरी माणसं नीट पांगवता आली असती. पण सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर सकाळचं रेकॉर्डिंगच नव्हतं. रेकॉर्डिंगची अख्खी डिस्क गायब.

तेवढ्यात पुढच्या फाटकाच्या पहारेकऱ्याने आमच्या मेजोबाबूंना, म्हणजे ठाण्यातल्या दुय्यम अधिकाऱ्यांना, बाजूला घेऊन खबर दिली. चौथ्या मजल्यावरचा आयटीवाला मुलगा दुपारी कॉम्प्युटरचा डबा उघडून बसला होता.

हा तरुण मराठीच, एका खासगी कंपनीत नोकरीला. सोसायटीचा कॉम्प्युटर हौसेने सांभाळायचा. त्याला सोसायटीच्या ऑफिसात आमच्यासमोर आणताच बँक अधिकारी अंगावर धावून गेला. "हाच तो! रोज आमच्याकडे चहाला येतो. आईच्या हातात पाटल्या असतात हे याला पक्कं ठाऊक आहे!"

"काका, काय बोलताय तुम्ही?" तरुण पांढराफटक पडला.

मी विचारलं, "डिस्क कुठे आहे?"

"आतच आहे सर. जुनी होती. खराब झाली."

"तपासलीस?"

"हो."

"कशी तपासलीस?"

त्याने मान खाली घातली.

मेजोबाबू माझ्या कानाशी आले. "स्यार, थापा मारतोय. याला ठाण्यात नेऊ, मशीन सील करून लॅबला पाठवू." कायद्याने पाहिलं तर त्यांचं चूक नव्हतं. पण लॅबचा माणूस सकाळी येणार, आणि तोवर त्या माउलीचं काय?

खोटं बोलणारे मी आयुष्यभर पाहिले. सराईत माणूस उत्तर घरून तयार करून आणतो आणि तपशील विचारला की आणखी चार पुरवतो. घाबरलेला माणूस तोंडाला येईल ते बोलतो आणि मग त्यालाच चिकटून बसतो. हा दुसऱ्या जातीचा वाटला. वाटलं, एवढंच. खात्री नव्हती.

मी त्याला खुर्ची दिली. "हे बघ बाळा, खराब झाली हे तुला माहीत नाही, तुझा अंदाज आहे. बरोबर?"

त्याचे डोळे भरले. "दुपारपासून कॉम्प्युटरला ती दिसतच नाहीये सर. सोसायटीच्या सेक्रेटरींना म्हटलं होतं, अर्ध्या तासात कॉम्प्युटर नीट करून देतो. आता काय सांगू त्यांना? म्हणून..."

"सेक्रेटरी गेले खड्ड्यात! आजी कुठे आहेत ते बघायचंय."

पण मशीनला हात त्याला लावू द्यायचा नव्हता. संशयिताच्या हातात पुरावा देणारा अधिकारी उद्या कोर्टात तोंड कसं दाखवणार? मग मी वेगळी रीत काढली. तो हात मांडीवर ठेवून बसेल आणि सांगेल, हात मेजोबाबूंचे चालतील. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, परिणाम बघायचा, मगच पुढची. चौकशीत आम्ही प्रश्न असेच विचारतो. दोन प्रश्न एकत्र विचारले की उत्तर कशाचं मिळालं तेच कळत नाही.

"डिस्कवर बोट ठेवा सर," तरुण म्हणाला. मेजोबाबूंनी ठेवलं. थरथर लागत होती. म्हणजे वीज पोचत होती, डिस्क फिरत होती. कॉम्प्युटर बंद करून तिची केबल बदलली. पुन्हा चालू केला. सुरुवातीच्या पडद्यावर बाकी सगळं दिसलं, ही नाही. बँक अधिकारी दाराशी येरझाऱ्या घालत होता. "साहेब, खेळ चाललाय का इथे? माझी आई मरेल हो!" मला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, आणि स्वतःवरही. बरोबर करतोय की वेळ घालवतोय, कोण जाणे.

शेवटी मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. "सकाळी डिस्क दिसत होती, दुपारी नाही. मधे काय बदललं?"

"काहीच नाही सर. फक्त नवीन पट्टी बसवली. मशीन हळू चालत होतं म्हणून." बोर्डावरच्या खाचेत च्युइंगगमएवढी चपटी पट्टी होती. ही नवी जलद डिस्क, हिला केबल लागत नाही.

"ती काढून बघू."

"पण सर, तिचा नि जुन्या डिस्कचा काही संबंधच नाही. ही खाचेत, ती केबलवर."

"संबंध मी ठरवत नाही, तूही ठरवू नकोस. मेजोबाबू, काढा ती."

एक बारीक स्क्रू. पट्टी निघाली. कॉम्प्युटर चालू केला आणि यादीत जुनी डिस्क हजर!

"अरे देवा!" तरुणाने कपाळावर हात मारला. "बोर्डावर दोघींना मिळून एकच वाट असणार. खाच भरली की केबलचं ते एक भोक बंद पडतं. केबल शेजारच्या भोकात लावली असती तरी झालं असतं. मी दुपारभर डिस्कलाच दोष देत बसलो."

मी म्हटलं, "ते नंतर. मेजोबाबू, आधी सकाळचं रेकॉर्डिंग लावा."

मागच्या फाटकाच्या कॅमेऱ्यात बाई दिसल्या. हातात कापडी पिशवी. रस्त्याच्या कडेला उभ्या. बस आली, त्यांनी कंडक्टरला काहीतरी विचारलं, त्याने हात देऊन वर घेतलं. बसच्या कपाळावरचं नाव मेजोबाबूंनी मोठ्याने वाचलं, "हावडा." बँक अधिकारी मटकन खाली बसला. "गावी जायचं म्हणत होती. मी म्हटलं, बघू."

हावड्याच्या रेल्वे पोलिसांना फोन गेला. बायकांच्या वेटिंग रूममध्ये एका बाकावर त्या सापडल्या, घामाने निथळलेल्या, अर्धवट शुद्धीत. झोप लागली असेल म्हणून कुणी उठवलं नव्हतं. रेल्वेच्या डॉक्टरांनी शिरेतून साखर दिली. मुलाला आणि त्या तरुणाला घेऊन आम्ही पोचलो तेव्हा त्या डोळे उघडून बघत होत्या. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं.

त्यांची नजर मुलावरून सरकून मागे उभ्या तरुणावर गेली. "तू पण आलास होय रे? चहा राहिला आज तुझा."

बँक अधिकाऱ्याने त्या तरुणाचा हात धरला. तरुणाने तो हात सोडवला नाही.

जबाब घेणं भाग होतं. मी त्यांच्या जवळ स्टूल ओढून विचारलं, "काकू, घरी कुणाला सांगून का नाही निघालात?"

"कुणाला सांगू?" त्या म्हणाल्या. "सूनबाई पुण्याला गेली तिच्या आईच्या आजारपणात. हा सकाळी कानाला फोन लावूनच बाहेर पडतो. दिवसभर मराठी शब्द कानावर पडत नाही. हा पोरगा येतो तेवढाच."

मुलगा भिंतीकडे तोंड करून रडत होता.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत संशय मला सहज घेता यायचा, तो आमच्या धंद्याचाच भाग आहे. त्या दिवशी एवढं शिकलो की संशय माणसावर घेण्याआधी जरा थांबून बघावं, मधे काय बदललं. कॉम्प्युटरच्या बाबतीत ते आम्ही विचारलं, जरा उशिरा का होईना. त्या घरातली सून गावाला गेली होती आणि एक बाई दिवसभर गप्प बसून होती. ते मात्र आम्ही कुणीच विचारलं नाही.