शनी दाखवणारे डोंगरे

दुर्बिणीपाशी आलेल्या माणसाला काय दिसणार आहे, हे डोंगरे कधीच आधी सांगत नसत. आमच्या आकाशनिरीक्षण मंडळातले आम्ही बाकीचे आधी शनीची कडी, कड्यांमधली फट, त्याचे चंद्र अशी पाच मिनिटं माहिती द्यायचो आणि मग डोळा लावू द्यायचो. डोंगरे फक्त स्टूल पुढे सरकवायचे. "पाहा जी. का दिसून राहिलं ते तुम्हीच सांगा."

मग कोणी म्हणायचं टोपी घातलेला बटाटा, कोणी म्हणायचं दोन कानांचं भांडं. एकदा एक भाजीवाली बाई बराच वेळ डोळा लावून बसली आणि म्हणाली, "खरंच हाय का हो हे, का आत चित्र चिकटवलंय?" डोंगरेंनी नळीच्या तोंडावर झाकण ठेवलं. शनी गेला. झाकण काढलं, शनी आला. बाई उठली आणि रांगेच्या शेवटी पुन्हा जाऊन उभी राहिली. डोंगरे मला हळूच म्हणाले, "हिला समजलं. आता हिला माहिती नका सांगू."

ते मूळचे भंडाऱ्याकडचे. तरुणपणी खडकीला कारखान्यात लेथवर टर्नर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. दुर्बिणीचा आठ इंची आरसा त्यांनी क्वार्टरच्या गॅलरीत, पिंपावर काच ठेवून, त्याभोवती फेऱ्या मारत घासला होता. सात महिने लागले. नळी साध्या पीव्हीसी पाइपची. मंडळाकडे दोन परदेशी दुर्बिणी होत्या, पण शनी डोंगरेंच्या पाइपातूनच सर्वांत स्वच्छ दिसायचा. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि मंडळाच्या एकाही अहवालात ते लिहिलेलं नाही. अहवाल मीच लिहायचो.

एकदा वक्ते आयत्या वेळी आले नाहीत, तेव्हा मी अध्यक्षांना सुचवलं की डोंगरेंना आरशाबद्दल बोलू द्यावं. अध्यक्ष म्हणाले, "अहो, ते दाखवतात उत्तम. बोलायला आपण आहोत की." मी हसलो. डोंगरे चार पावलांवर स्क्रू आवळत होते.

डोळ्यांचं मला कळलं ते एका शनिवारी, शाळेच्या मैदानावरचा कार्यक्रम संपल्यावर. आवराआवर चालली होती. मी म्हटलं, खोलण्याआधी मला एकदा बघू द्या. डोळा लावला तर सगळं धूसर.

"फोकस हललाय वाटतं," मी म्हणालो.

त्यांनी पाइपवर झाकण बसवलं. मग म्हणाले, "मला आता असंच दिसते साहेब." दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडला होता. समोर बघितलं की माणसाचं तोंड जायचं आणि कान तेवढे राहायचे. शनी ते नजरेच्या कडेनं शोधायचे आणि पुढचं काम लोकांवर सोपवायचे. "मी विचारतो का दिसून राहिलं. लोक सांगतात, मी फोकसचं चाक फिरवतो. कडा धारदार झाल्या की माणसाचा आवाज बदलते. ते मला बरोबर समजते." असं कित्येक महिने चाललं होतं, आणि रांगेतला एकही माणूस शनी न बघता गेला नव्हता.

"हे तुमच्यापाशीच ठेवा," ते म्हणाले. "माझ्यापाशी आता एवढंच आहे."

मी शब्द दिला. खरं सांगायचं तर, त्यांनी मलाच सांगितलं याचा मला अभिमानही वाटला.

काही महिन्यांनी मोठा कार्यक्रम झाला. माझ्याच ओळखीतून एक बडे अधिकारी पाहुणे म्हणून आले होते. मी त्यांना थेट डोंगरेंकडे नेलं. डोंगरेंनी नेहमीप्रमाणे विचारलं. पाहुणे म्हणाले, "काही नाही, धूसर आहे."

"चाक फिरवा जी जरासं. कडा धारदार झाली की थांबा."

"तुम्हीच करून द्या ना. तुम्हाला दिसत नाही का?"

पाहुणे हे हसत म्हणाले होते. डोंगरेंनी चाक फिरवलं, ते उलट्या बाजूला. पाहुणे उठले आणि शेजारच्या दुर्बिणीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी नारायण पेठेत समितीची बैठक झाली. अध्यक्षांनी विचारलं, "डोंगरेंना झालंय तरी काय?" प्रश्न मला नव्हता. पण पाहुणे मी आणलेले होते, खापर माझ्यावर फुटेल असं वाटलं, आणि मी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे वर्षभर ज्याला दिसत नाही तो माणूस पुणेकरांना शनी दाखवत होता," अध्यक्ष म्हणाले. "छान." सगळे हसले. त्या वर्षभरात लोकांना शनी दिसत होता, हे कोणाला आठवलं नाही. मला आठवलं, पण मी बोललो नाही. फोन नको, पत्र द्या, नोंद राहते, असं ठरलं. मंडळाच्या लेटरहेडवर मी लिहिलं की आपल्या दृष्टिदोषामुळे यापुढे आपण विश्रांती घ्यावी, मंडळ आपले ऋणी आहे. शुद्धलेखन दोनदा तपासलं आणि सही केली.

त्यांचं उत्तर आलं नाही. माझ्या घरापासून खडकी वीस मिनिटांवर आहे. मी गेलो नाही.

पुढच्या वर्षी ते हृदयविकारानं गेले. शोकसभेत अध्यक्ष म्हणाले की डोंगरे हे मंडळाचे डोळे होते. शोकठराव घरी पोचवायचं काम माझ्याकडे आलं, आणि जाताच आहात तर दुर्बीण मंडळाला मिळेल का तेही बघा, असं सांगण्यात आलं.

त्यांच्या पत्नीनं चहा केला. दुर्बीण कोपऱ्यात चादरीखाली उभी होती. मी तिच्याबद्दल विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं, हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

"डोळ्याचं मला काहीच माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "पेपर वाचणं सोडलं, तर मला वाटे कंटाळले. तुमचं पत्र आलं तेव्हा पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाले, वाच. मीच मोठ्यानं वाचून दाखवलं. तेव्हा कळलं मला."

मी कप खाली ठेवला.

"त्यांनी खाली सही कोणाची आहे, एवढंच विचारलं," त्या म्हणाल्या. "मी तुमचं नाव वाचलं."